उपवास माझा, हिशेब मजल्याचा

उपवास गुपचूप करायचा असतो, हे मी म्हणत नाही, येशू म्हणतो. मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, अगदी स्पष्ट सांगितलंय की उपास करताना तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, चेहरा धुवा, लोकांना पत्ता लागू देऊ नका. आता हा उतारा आम्हाला नेमका कधी वाचून दाखवावा? भस्म बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी. वाचन झालं, प्रवचन झालं की आम्ही रांगेत उभे राहतो आणि फादर एकेकाच्या कपाळावर राखेचा ठसठशीत क्रूस काढून आम्हाला कॅम्पसवर मोकळं सोडतात. त्यानंतर चेहरा धुवायचा की नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारी, वाटलेल्या झावळ्या वर्षभर वाळतात, मग जाळून त्यांची पूड करतात. ती कपाळावर कशी उमटेल हे लावणाऱ्याच्या हस्ताक्षरावर अवलंबून असतं. आमच्या फादरांचा अंगठा भलताच उदार आहे. माझ्या कपाळावर क्रूस कमी आणि शाईची बाटली सांडल्याची खूण जास्त दिसते. वर त्यातली थोडी पूड नाकाच्या शेंड्यावर उतरते आणि दिवसभर तिथेच मुक्कामाला राहते. इटली आणि पोलंडमध्ये म्हणे राख कपाळाला लावत नाहीत, टाळूवर भुरभुरतात. काय भाग्यवान लोक! टाळूवरची राख कोंडा म्हणून खपून जाते, आणि कोंड्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

मला मात्र त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं. वॉचमन काकांनी "ताई, डोक्याला लागलं का?" म्हणून विचारलं. लायब्ररीत एका अनोळखी मुलीने न बोलता ओला टिश्यू पुढे केला. आणि दुपारी होती तोंडी परीक्षा. मी सिव्हिलची विद्यार्थिनी, विषय मृदा यांत्रिकी. तू माती आहेस आणि मातीतच जाणार आहेस, असं सकाळी फादरांनी बजावलं होतं. दुपारी बाहेरून आलेले परीक्षक विचारत होते, मातीची भारवहन क्षमता कशावर अवलंबून असते? बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे नव्हे, कपाळाकडे बघत होते. शेवटी राहवलं नाही, म्हणाले, "फील्डवरून आलात का?" मी हो म्हणाले. एका अर्थी खरंच होतं.

भस्म बुधवारची आणखी एक गंमत म्हणजे त्या दिवशी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, येणं बंधनकारक नाही. रविवारी बंधनकारक असतं, तेव्हा चॅपलमध्ये मागचे बाक रिकामे. बुधवारी सक्ती नाही, तर उभं राहायला जागा नाही. पाचपाच सेमिस्टर न दिसलेली मंडळी एकदम प्रकटतात. हजेरीची सक्ती काढून टाकली तर लेक्चरनाही अशीच गर्दी होईल, असं मी एकदा आमच्या सरांना सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघून विषय सोडून दिला.

राख संध्याकाळपर्यंत झडते. खरा जाहीर कार्यक्रम त्यानंतर सुरू होतो, कारण होस्टेलच्या एका मजल्यावर राहून कुठलीही गोष्ट गुपचूप करता येत नाही. तिथे तर कोणाचा शाम्पू बदलला तरी जेवणाच्या टेबलावर चर्चा होते. उपवासकाळात आवडतं काहीतरी सोडायची रीत आहे, मी यंदा कॉफी सोडली. कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी मी मशीनसमोरून सरळ पुढे गेले आणि दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला कळलं की हिचं काहीतरी बिनसलंय. मग सांगावंच लागलं. सांगितल्यावर मला वाटलं, विषय संपला. वास्तविक त्या क्षणी माझ्यावर वीस तपासनीस नेमले गेले होते.

त्यातली मुख्य तपासनीस माझी रूममेट. ती संख्याशास्त्राची. ती कुठलाच धर्म मानत नाही, पण आकडा मात्र फार मानते. तिने पहिल्याच आठवड्यात कॅलेंडर उघडून विचारलं, "चाळीस दिवसांचा उपवासकाळ म्हणतेस ना? भस्म बुधवार 18 फेब्रुवारीला, ईस्टर 5 एप्रिलला. मधले दिवस 46 होतात."

"रविवार धरत नाहीत. सहा रविवार वजा कर."

"म्हणजे रविवारी कॉफी चालते?"

"नियम बघितला तर…"

"पगारी सुट्टी!" तिने वहीत नोंद केली. दोन दिवसांनी ती पुन्हा आली. तिने कुठेतरी वाचलं होतं की उपासनेच्या हिशेबाने हा काळ ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्साआधीच संपतो. म्हणजे ना 46, ना 40, तर 44. "तुम्हा लोकांना दोन हजार वर्षं झाली, अजून एक आकडा पक्का करता आला नाही?" मी म्हटलं, ईस्टरची तारीखच मुळी वसंतसंपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात, त्यानंतरच्या) पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारची, 22 मार्च ते 25 एप्रिल यांत कुठेही येऊ शकते. त्या रात्री ती दोन वाजेपर्यंत जागून त्याचं सूत्र मांडत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मला क्रूसाच्या वाटेत, म्हणजे येशूच्या मरणयात्रेची स्थानकं घेत करायच्या प्रार्थनेत, कधी लाभलेलं नाही.

पण तिचा खरा पराक्रम उपवासाच्या नियमावरचा. लोकांना वाटतं आम्ही चाळीस दिवस उपाशी असतो. चर्चच्या कायद्याप्रमाणे पूर्ण उपवासाचे दिवस दोनच, भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार, आणि तेही वयाची 18 पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. त्या दिवशी एक पूर्ण जेवण घ्यायचं, शिवाय दोनदा थोडं थोडं खाल्लं तरी चालतं, पण ती दोन लहान खाणी मिळून पूर्ण जेवणाएवढी होता कामा नयेत. हे मी तिला सहज सांगून बसले. तिने लगेच कागदावर लिहिलं: अ + ब < क. कागदाकडे जरा वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मग क वाढव ना."

मी दोन मिनिटं काहीच बोलू शकले नाही. इतक्या शतकांच्या उपवास-परंपरेतली फट एका संख्याशास्त्राच्या मुलीने मेसच्या बिलामागे शोधून काढली होती. तिचं म्हणणं, दुपारी पोट फुटेस्तोवर जेव, मग सकाळ-संध्याकाळ भरपेट खाऊनही असमानता टिकते. मी हे फादरांना जाऊन सांगितलं. ते खूप हसले, आणि मग म्हणाले, "तिला पुढच्या वेळी घेऊन ये." कशासाठी ते सांगितलं नाही.

शुक्रवार हा वेगळा अध्याय. उपवासकाळातल्या शुक्रवारी 14 वर्षांवरच्या कॅथलिकांना मांस वर्ज्य. आणि मेसचं वेळापत्रक ज्याने कोणी बनवलं त्याने आठवड्यातला एकमेव चमचमीत पदार्थ शुक्रवारी रात्रीच ठेवलेला असतो. मला त्याचंही काही वाटत नाही. वाटतं ते टेबलाभोवती बसणाऱ्या न्यायमंडळाचं. चर्चने नेमली नसतील एवढी कडक माणसं माझ्या मैत्रिणींत आहेत. अंडं चालतं? चालतं. दूध? चालतं. मासे? चालतात. "मासे कसे चालतात? त्यांना जीव नाही?" या प्रश्नावर दर शुक्रवारी नव्याने सुनावणी होते. एकदा मी बचाव म्हणून सांगितलं की न्यू ऑर्लीन्सच्या आर्चबिशपांनी 2010 साली एका माणसाला लेखी कळवलं होतं, अ‍ॅलिगेटर मगर माशांतच जमा, खुशाल खा. माझी बाजू बळकट होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. तेव्हापासून मेसच्या काकांना दर शुक्रवारी मुली ओरडून विचारतात, "काका, आज मगर आहे का?" काका बिचारे गंभीरपणे म्हणतात, "संपली."

त्यात मी एक घोडचूक करणार होते, ती रूममेटनेच वाचवली असं ती म्हणते. मोठा सण शुक्रवारी आला तर मांसाची बंदी त्या दिवसापुरती उठते. 19 मार्च हा संत जोसेफचा सण 2021 मध्ये शुक्रवारी आला होता, आता तो 2027 मध्ये शुक्रवारी येतोय. तिने ती तारीख आत्ताच लाल शाईने गोल करून ठेवली आहे. मी त्या दिवशी मांस खाल्लंच पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. "मिळालेला हक्क सोडायचा नसतो," म्हणते. मी तिला सांगायचं विसरले की त्याग म्हणून हक्क सोडण्याचाच हा महिना आहे. विसरले म्हणजे, धीर झाला नाही.

सोडण्यावरून आठवलं. आमच्या कॅथलिक विद्यार्थी मंडळात दर वर्षी कोण काय सोडतंय याची अघोषित शर्यत असते. कोणी चॉकलेट, कोणी रील्स. एकाने लिफ्ट सोडली, तो राहतो तळमजल्यावर. सगळ्यांत दयनीय अवस्था आमच्या गिटारवाल्याची. उपवासकाळात वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची असतात, सोलो बंद. ‘आलेलुया’ हा देवाच्या स्तुतीचा जयघोष तर पूर्णच बंद. त्याला स्वतःहून काही सोडावं लागत नाही, परस्पर काढून घेतात. चौथ्या रविवारी वाद्यांना तेवढी सूट असते, आणि त्या दिवशी तो असा काही वाजवतो की फादरांना आशीर्वादासाठी हात वर करून ताटकळावं लागतं.

चॅपलच्या भिंतीवर कार्डिनल न्यूमन यांची तसबीर आहे. जगभरच्या विद्यापीठांतल्या अनेक कॅथलिक मंडळांना त्यांचं नाव असतं. ऑक्सफर्डचा हा पंडित 1845 मध्ये कॅथलिक झाला आणि 2019 मध्ये संत. त्यांनाही विद्यापीठात राहून काही गुपचूप करता आलं नाही, सगळ्या इंग्लंडभर बोभाटा झाला. म्हणून मला ते जवळचे वाटतात. त्यांना निदान कॉफीबद्दल तरी कोणी छेडलं नसेल.

क्रूसाची वाट आम्ही दर शुक्रवारी चॅपलमध्ये करतो. स्थानकं 14, गुडघे दोन. पण शेवटच्या आठवड्याआधी एकदा ती कॅम्पसभर काढतात. पुढे लाकडी क्रूस, मागे आम्ही. गेटपाशी नव्या वॉचमनने अडवून विचारलं, "मोर्च्याची परवानगी आहे का?" परवानगी दाखवेपर्यंत फर्स्ट इयरची तीन मुलं, हा कॅम्पस फिरवून दाखवण्याचा कार्यक्रम आहे अशा समजुतीने मागे येऊन मिळाली. एक तर वहीत लिहून घेत होता. येशू तिसऱ्यांदा पडतो ते नववं स्थानक बरोबर कॅन्टीनच्या दारात आलं. आत ताजी कॉफी उकळत होती. प्रार्थना चालू असताना मी डोळे मिटले, तर रूममेट खिडकीतून बघत होती आणि वहीत काहीतरी खूण करत होती. बहुधा ‘श्वास घेतला’ अशी.

साऱ्या कॅम्पसवर गुपित राहण्याची हमी असलेली जागा एकच, पापनिवेदनाची, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करण्याची. तिथे ऐकलेलं फादर कुणालाही, कधीही, कशासाठीही सांगू शकत नाहीत. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं असं 1215 साली रोममध्ये भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवलं, आणि विद्यार्थी हे ‘एकदा तरी’ शेवटच्या आठवड्यात उरकतात. सबमिशनचीही आमची हीच पद्धत. त्यामुळे रांग व्हरांड्यात येते. आतलं काही ऐकू येत नाही, पण घड्याळ सगळ्यांकडे असतं. एक टॉपर मुलगी आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. रांगेत कोणी चकार शब्द बोललं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून लॅबमध्ये तिच्याकडे सगळे एका नव्या आदराने बघू लागले.

एक मात्र खरं सांगते. यंदा माझी खरी पंचाईत केली शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीने, आणि तीही एक शब्द न बोलता. भस्म बुधवार आणि रमजानची सुरुवात या वेळी एकाच सुमारास आली. ती पहाटे सहरी करायची आणि सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तिच्यासमोर बसून "मला कॉफीवाचून डोकं दुखतंय गं" असं म्हणायची सोय राहिली नाही. मी एकदाच म्हणाले. तिने अतिशय मायेने, कोरड्या ओठांनी विचारलं, "मग चहा घेतेस का?" तेव्हापासून माझं डोकं दुखणं बंद झालं.

ईस्टरची जागरणमिस्सा शनिवारी रात्री, अंधार पडल्यावरच सुरू करायची असते. रूममेट आणि शेजारीण दोघी आल्या, एक हिशेब मिटवायला आणि दुसरी सोबत म्हणून. ‘आलेलुया’ परत आलं, गिटारवाला सुटला, आणि परतताना मशीनसमोर आमची वार्षिक आढावा बैठक भरली. मजल्यावरच्या आणखी सहा जणी नाइट ड्रेसमध्ये हजर. पुढच्या वर्षी मी काय सोडावं, हा एकच विषय होता. माझं मत कोणी विचारलं नाही. मी पहाटेच्या प्रार्थनेसाठी अलार्म लावते, तो चार वेळा वाजतो आणि माझ्याशिवाय सगळा मजला उठतो, असा मुद्दा निघाला. 2027 मध्ये भस्म बुधवार 10 फेब्रुवारीला, त्या दिवसापासून मी अलार्म सोडायचा, असा ठराव मांडला गेला. हात वर झाले. रूममेट मतं मोजायला लागली.

"अजिबात नाही," शेजारीण म्हणाली. "तेव्हा पुन्हा रमजान आहे. मी तिच्याच अलार्मवर सहरीला उठते."