बजेट हॉस्टेलात आदर्श गेस्ट कसं व्हावं

मुंबईत स्वस्तात राहायला मिळत नाही असं जे बोलतात ना त्यांनी नीट शोधलेलंच नसतं. मिळतं की. दादर, अंधेरी, साकीनाका, फोर्ट, कुठेही बघा, पाचशे-सातशेत बेड आहे, फक्त फोटोतली बीन बॅग, भिंतीवर रंगवलेलं गेटवे आणि गिटार वाजवणारी ती तीन परदेशी पोरं त्या रेटमध्ये येत नाहीत, ती फोटोतच राहतात. तरी लोक कुरकुर करतात. हॉस्टेल कसं असावं यावर सगळे बोलतात पण गेस्ट कसा असावा यावर कोणी एक शब्द लिहीत नाही, आणि खरा झोल तिथेच आहे. हॉस्टेलं चांगलीच आहेत हो, तुम्ही तयार नसता.

आधी वेळेचं बघू. कोल्हापूरची महालक्ष्मी घ्या, मराठवाड्यातून येणारी देवगिरी घ्या, कोकणकन्या, तुतारी, रात्रीच्या झाडून सगळ्या गाड्या तुम्हाला सकाळी सकाळी मुंबईत आणून टाकतात आणि हॉस्टेलचं चेक-इन असतं दुपारी एकला. यात चूक अर्थातच रेल्वेची. मधल्या वेळात काय करायचं हे विचारून रिसेप्शनवरच्या माणसाला त्रास देऊ नका, आदर्श गेस्ट सामान पायाशी घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो आणि भिंतीवरचं 'आमच्यासाठी तुम्ही फॅमिली आहात' हे पोस्टर वाचत राहतो. फारच आग्रह केलात तर लगेज रूम दाखवतील, ती जिन्याखाली असते, तिथे मोडका टेबलफॅन, रंगाचे डबे आणि आधीच्या कोणाची तरी विसरलेली छत्री यांच्या मधे तुमची बॅग ठेवायची, 'अपनी जिम्मेदारी पे' हे वाक्य ऐकायचं आणि लॅपटॉप काढून स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. मंत्रालयात काम असेल तर अजून मजा, तिथे सर्वसामान्य माणसाला आत सोडतात दुपारी दोननंतर, त्यामुळे सकाळी सातपासून दोनपर्यंत अख्खं शहर तुमचंच आहे, आंघोळ तेवढी नाही.

पत्ता शोधणं हाही एक संस्कार आहे. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं, फक्त कोणतं स्टेशन आणि कशाने ते लिहायचं राहिलेलं असतं. एअरपोर्टजवळ म्हणाल तर टी-वन विलेपार्ले-सांताक्रुझकडे, टी-टू अंधेरीला सहारला, दोन्हींच्या जवळ असलेलं हॉस्टेल बहुतेकदा दोन्हींपासून लांब असतं. शेवटी मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या फटीतून आत शिरायचं, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण त्यावर सोसायटीने पाटी लावलीये 'फक्त सभासदांसाठी'. बॅग डोक्यावर घ्या. व्यायामाचे वेगळे पैसे घेत नाहीत ही मालकाची दानत.

मग येतो तो प्रसिद्ध प्रश्न, बुकिंग किधर से किया? तुम्ही मोबाईल पुढे करता, काउंटरवरचा पोरगा स्क्रीनकडे असं बघतो की जणू तुम्ही त्याला ईसीजी दाखवलाय, मग कोणाला तरी फोन, मग 'सिस्टम में नहीं दिख रहा', मग अजून एक फोन आणि मग गोड आवाजात 'सर हमारी दूसरी ब्रँच है ना, दस मिनट पे, वहाँ भेज देता हूँ'. आदर्श गेस्ट इथे वाद घालत नाही. पैसे तुम्ही भरले या बिल्डिंगचे, झोपणार त्या बिल्डिंगमध्ये, यालाच मुंबई दर्शन म्हणतात. आणि चुकून तुमच्या आधारवर डोंबिवली किंवा विरार असेल तर विषयच संपला, लोकल आयडी चालत नाही. रात्री शेवटची गाडी सुटली, स्टेशनवर बसून राहण्यापेक्षा चार तास पाठ टेकू असा तुमचा साधा हिशोब, पण नाही, नाशिकचा माणूस मुंबईत सज्जन असतो आणि मुंबईचा माणूस मुंबईत संशयित. बाकी आधारची झेरॉक्स मागतात तेव्हा मास्क्ड आधार देऊ नका बरं का, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात ते, यूआयडीएआयच्या साइटवर फुकट मिळतं म्हणून लोक घेऊन येतात, पण त्याने तो पोरगा गोंधळतो. पूर्ण नंबरवाली झेरॉक्स द्या म्हणजे ती उघड्या ड्रॉवरमध्ये बाकीच्या तीनशे झेरॉक्सांबरोबर सुखाने राहील.

त्या पोराबद्दल एक सांगायला पाहिजे. तो चेक-इन करतो, चादरी बदलतो (बदलत असेल तेव्हा), संडास धुतो, चहा आणतो आणि रात्री त्याच काउंटरमागे गादी टाकून झोपतो, रात्री दोनला बेल वाजली की तोच उठतो. तुमच्या आधीच्या गेस्टने घातलेल्या शिव्या त्याच्याच खात्यावर जमा असतात. मालकाला तुम्ही कधीच बघत नाही, तो सीसीटीव्हीच्या पलीकडे ठाण्यात की मालाडला कुठेतरी बसलेला असतो आणि पोराच्या फोनवर त्याचं नाव 'सेठ' एवढंच सेव्ह असतं. तेव्हा आवाज चढवायचाच असेल तर कॅमेऱ्याकडे बघून चढवा, निदान योग्य पत्त्यावर जाईल.

आता रूम. आठ बेडची डॉर्म असं बुक केलेलं असतं, आत बारा निघतात, जास्त मैत्री होते. तुमचा बेड वरचा. शिडीची एक पायरी नसते, ती कुठे गेली विचारू नका. चादरीवरचा डाग 'धुतलेला डाग' आहे असं तुम्हाला सांगतील आणि त्यात तथ्य असतं, जुलैमध्ये मुंबईत चादर वाळत नाही हो, ती ओली काढतात, ओली घालतात, तुम्ही तुमच्या अंगाच्या उबेवर वाळवता आणि सकाळी पुढच्या माणसाला कोरडी मिळते. ही सेवा आहे, तुम्ही दिलेली.

ढेकणांबद्दल लोक फार वाईट बोलतात. ढेकूण उडत नाही, उड्या मारत नाही, काही खायला नाही मिळालं तरी महिनोनमहिने तक्रार न करता राहू शकतो, बजेट हॉस्टेलला याहून चांगला कायमचा रहिवासी कुठे मिळणार? हौस असेल तर झोपायच्या आधी गादीची शिवण उलटी करून बघा, बंक बेडच्या प्लायवूडच्या जोडांमध्ये मोबाईलचा टॉर्च मारा, काळे बारीक ठिपके दिसले की समजा मंडळी घरी आहेत. पण आदर्श गेस्ट बघत नाही. तो सकाळी हातावर ओळीने उठलेले तीन-चार फोड दाखवतो, पोरगा 'मच्छर होगा सर' म्हणतो आणि आदर्श गेस्ट मान्य करतो, मग बॅगेच्या चेनमध्ये दोन ढेकूण घेऊन आपल्या घरी साताऱ्याला जातो. कपडे साठ डिग्रीच्या पाण्यात धुतले तर मरतात, पण गावी कोणाच्या घरी साठ डिग्रीचं मशीन असतं, आई चुलीवर पातेलं ठेवते आणि विचारते, कुठे राहिला होतास रे?

एसी डॉर्म घेतलीत तर अभिनंदन. एसी रात्री दहा ते सकाळी सहा, रिमोट काउंटरला. मे महिन्यात दुपारी खोलीत आलात तर तो बंद एसी बघूनही जरा गार वाटतं, मानसिक असतं ते. रात्री मात्र तो अठरावर लावून पोरगा झोपतो, ब्लँकेट मागाल तर एक्स्ट्रा, टॉवेल एक्स्ट्रा, लॉकरचं कुलूप एक्स्ट्रा, चार्जिंग पॉइंट मात्र एक्स्ट्रा नाही कारण तो मुळातच एक आहे, बारा जणांत, आणि त्याच्यापाशी उभं राहून मोबाईल सांभाळणाऱ्यांची ओळख होते तिला हॉस्टेलवाले 'कम्युनिटी' म्हणतात.

बाथरूमला सकाळी पाचला उठा. मुंबईला सात तलाव पाणी देतात, तुळशी, विहार, तानसा, भातसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, आणि आठवा बाथरूमच्या दारात साचलेला असतो, त्याच्यात विटा टाकून रस्ता केलेला आहे. गरम पाणी सहा ते सात. म्हणजे गीझर सहाला चालू करतात आणि सातला बंद करतात, पाणी गरम व्हायला किती वेळ लागतो हा भौतिकशास्त्राचा प्रश्न झाला, हॉस्टेलचा नाही. बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटात व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे, नऊला पोचायचंय, असं रडगाणं बारा जणांच्या लाइनीत सांगू नका, लाइनीतल्या अजून तिघांचाही तिथेच असतो. इस्त्री मागायची नाही. शर्ट गादीखाली ठेवून झोपायचं, आणि ढेकणांचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचायचा.

एक गोष्ट मात्र खरंच जाऊन बघा, मस्करी नाही. मागचा जिना. बहुतेक ठिकाणी तिथे जास्तीच्या गाद्या, सिलेंडर आणि मोडके बंक रचलेले असतात आणि दाराला कुलूप, किल्ली सेठकडे. महाराष्ट्रात २००६ चा आगप्रतिबंधक कायदा आहे, त्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं लायसन्सवाल्या एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते कुठे लावलंय विचारलंत तर पोरगा तुम्हाला वायफायचा पासवर्ड देईल. जिना बंद दिसला तर पैसे गेले तरी चालतील, दुसरीकडे जा.

कायद्यावरून आठवलं, इंग्रजांनी १८६७ मध्ये सराईंसाठी, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागांसाठी, एक कायदा केला होता. त्यात सराई चालवणाऱ्याने खोल्या, व्हरांडे, गटारं साफ ठेवायची, पहारेकरी ठेवायचे, दरपत्रक लोकांना दिसेल असं लावायचं, असलं बरंच काही आहे. घोड्यावरून, बैलगाडीतून येणाऱ्यांसाठी हो. तुम्ही ॲपवरून आलात, तुम्हाला कशाला पाहिजे?

तरीही तक्रार करायचीच असेल तर उत्तर तयार असतं, 'सर इस रेट में और क्या मिलेगा'. हे वाक्य ऐकलं की आदर्श गेस्ट गप्प बसतो, कारण स्वस्त आहे ना. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटा हॉस्पिटलला कॅन्सरच्या उपचारासाठी आलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक तिथे अगदी कमी पैशांत राहतात. ज्यांच्या नावाने ती आहे त्या माणसाने आयुष्यभर हातात खराटा घेऊन आधी रस्ता झाडला आणि मग कीर्तन केलं. तिकडे चुकूनही फिरकू नका, कमी पैसे आणि स्वच्छता यांचं भांडण नसतं असला काहीतरी भलता समज व्हायचा. मुंबई सेंट्रल स्टेशनातही २०२१ मध्ये आयआरसीटीसीने पॉड हॉटेल काढलं, कपाटाएवढा पॉड, पण दार आपलं, दिवा आपला. तेही बघू नका. आणि जमशेटजी टाटांना म्हणे एका हॉटेलात घेतलं नाही म्हणून त्यांनी १९०३ मध्ये ताज उभं केलं, ही गोष्ट इतिहासकार फारशी मानत नाहीत पण काउंटरसमोर खुर्चीवर बसल्या बसल्या आठवायला बरी आहे. आपल्याच्याने ताज होणार नाही, आपण एक स्टार देतो.

त्याचीही सोय केलेली असते. चेकआऊट दहाला, दहा वाजून पाच मिनिटांनी अर्धा दिवस लावतात, आणि डिपॉझिट परत मागितलं की पोरगा क्यूआर कोड पुढे करतो, पैशांचा नाही, रिव्ह्यूचा. फाइव्ह स्टार टाका, तो समोर उभा राहून बघणार, मग डिपॉझिट. बिल मागू नका. मागितलंत तर 'जीएसटी एक्स्ट्रा लगेगा, अठारा परसेंट'. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे हे त्याला सेठने सांगितलेलं नसतं, आणि तुम्ही सांगितलंत तर परत एक फोन होणार, तुमची गाडी जाणार. ज्यांना गाडीची घाई नाही त्यांनी बिल घ्यावं, फोटो काढून ठेवावेत, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवून घेतात. असली माणसं गेस्ट म्हणून नापास.

घरी पोचून तुम्ही तो स्टार पाचवरून एकवर आणता आणि रात्री अकराला मालकाचं उत्तर येतं. आयुष्यात पहिल्यांदा सेठचा आवाज ऐकू येतो, तोही इंग्रजाळलेल्या गोड भाषेत. प्रिय अतिथी, आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभार, आमच्या स्विमिंग पूलबद्दल आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. स्विमिंग पूल नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी ब्रँचचं उत्तर चिकटवलेलं असतं, किंवा कोण जाणे, बाथरूमच्या दारातल्याबद्दलच बोलत असेल. खाली पुढच्या बुकिंगवर १० टक्के सूट, मागच्या महिन्यात संपलेल्या कूपनवर, आणि शेवटची ओळ अशी की पुढच्या वेळी अवश्य या, आपल्याला खालचा बेड देण्याचा प्रयत्न करू, अव्हेलेबल असेल तर.