स्टेडियमच्या पाटीचे पैसे येतात कुठून?

‘विद्यापीठाने स्वतःच्या कमाईतून जाहिरात केली, त्यात गैर काय?’ हे युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स या नफ्यासाठी चालणाऱ्या अमेरिकी विद्यापीठाच्या स्टेडियमवरच्या जाहिरातीबद्दलच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. ‘स्वतःची कमाई’ म्हणजे काय, ते आधी बघा. युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सने 2006 मध्ये ॲरिझोनातल्या ग्लेनडेलच्या फुटबॉल स्टेडियमला 20 वर्षं आपलं नाव देण्यासाठी सुमारे 15.45 कोटी डॉलरचा करार केला. विद्यापीठाचा स्वतःचा फुटबॉल संघ नाही, तिथे खेळतो तो ॲरिझोना कार्डिनल्स हा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ. अमेरिकेच्या कायद्यानुसार नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजला 90 टक्क्यांपर्यंत महसूल सरकारी शिक्षणकर्ज आणि अनुदानातून घेता येतो. माजी सैनिकांच्या शिक्षणासाठीचा सरकारी पैसा तर कित्येक वर्षं उरलेल्या 10 टक्क्यांत, म्हणजे ‘खासगी’ म्हणून धरला जायचा. ती पळवाट 2021 च्या कायद्याने बंद केली. म्हणजे पाटीचा बराचसा खर्च करदात्याच्या आणि कर्ज काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशातून.

आणि हे एकट्या फिनिक्सचं नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीने 2012 च्या अहवालात नफ्यासाठी कॉलेज चालवणाऱ्या 30 कंपन्यांचे 2009 चे हिशेब तपासले: जाहिरात आणि प्रवेशभरतीवर महसुलाचे 22.7 टक्के, शिकवण्यावर 17.2. लेखात हा आकडा हवाच होता. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, दिवशी निवेदक स्टेडियमचं नाव घ्यायचा तेव्हा ते नेहमीच्या सरकारी विद्यापीठासारखंच वाटायचं, आणि कॉलेजची पायरी न चढलेल्या घरातल्या मुलाला फरक सांगायला कोणी नसायचं. करारही 20 वर्षं टिकला नाही. विद्यार्थी झपाट्याने घटले, 2018 मध्ये पाटीवर स्टेट फार्म ही विमा कंपनी आली. कर्जाचे हप्ते मात्र विद्यार्थ्यांच्याच नावावर राहिले.