जीभ कापली म्हणजे वाचा गेली?

दर एक-दोन महिन्यांनी तो मेसेज फिरून माझ्यापर्यंत येतोच. पाचएक महिन्यांपूर्वी तो घेऊन आला एक भाचा. मामा एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, जिभेच्या डाव्या कडेला गाठ, ऑपरेशनची तारीख मिळालेली. मी स्पीच थेरपिस्ट. ऑपरेशनआधी पेशंटचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवते. भाच्याने मोबाईल पुढे केला. "मॅडम, आधी हे वाचा."

मेसेजचा मतलब असा: जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन करू नका, माणूस कायमचा मुका होतो. मनगटाचं कातडं काढून जिभेला जोडतात, ते आठ दिवसांत सडतं आणि हातही लुळा पडतो. कॅन्सरला चाकू लागला की तो अंगभर पसरतो. नुसते शेक (रेडिएशन) घ्या, काढा प्या. जीभ जोडायचं नाटक हे बिल फुगवण्यासाठी.

मामा एक शब्द बोलत नव्हते. मुकं होण्याची रंगीत तालीमच चालली होती जणू.

मुकेपणाचंच आधी घेऊ. आवाज जिभेत नसतो, गळ्यातल्या स्वरयंत्रात असतो, आणि मामांसारख्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राला कुणी हात लावत नाही. जीभ त्या आवाजाची अक्षरं करते, तीही सगळी नाहीत. शाळेत ओष्ठ्य, दंत्य, मूर्धन्य असं घोकलं होतं, ते माझ्या धंद्यात रोज लागतं. प, फ, ब, भ, म ओठांचे. ते शाबूत राहतात. क, ख, ग जिभेच्या मागच्या भागाचे. गाठ पुढे किंवा कडेला असेल तर तेही बऱ्यापैकी टिकतात. मार बसतो तो त-द, ट-ड, न-ण, र, ल, स यांना. सगळ्यांत हट्टी ळ, कारण त्यासाठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूला टेकवावं लागतं.

मामांना मी त्यांच्या जुन्या रूटचे थांबे म्हणायला लावले. पनवेल, खोपोली, लोणावळा, तळेगाव. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी परत तीच यादी. 'खोपोली' पहिल्याच दिवशी ओळखू आली. लोणावळ्याने घाम काढला: ल, ण आणि ळ एकाच शब्दात! आधी 'योयावया' असं काहीतरी यायचं. मग आरशासमोर, हळू, तोंड मोठं उघडून, उरलेली जीभ जिथवर पोचते तिथूनच ते अक्षर काढायची सवय लावायची. मधे शेक सुरू झाले, तोंड सोलवटलं, तेव्हा सराव जवळपास बंदच पडला. आज 'लोणावला'पर्यंत गाडी आली आहे. घरात सगळं कळतं. फोनवर अनोळखी माणसाला दोनदा सांगावं लागतं.

मग मुकेपणाची ही अफवा येते कुठून? माझा अंदाज, भेटायला आलेल्या नातेवाइकांकडून. सूज येऊन श्वास अडू नये म्हणून सुरुवातीचे काही दिवस गळ्याला भोक पाडून नळी ठेवतात. श्वास त्या नळीतून जातो, स्वरयंत्रापर्यंत हवाच येत नाही, त्यामुळे आवाज निघत नाही. नाकात जेवणाची नळी, पेशंट पाटीवर लिहून दाखवतोय. पाहुणे ते बघून गावी जातात आणि सांगतात, बोलणं गेलं. नळी निघते तेव्हा पाहुणे नसतात.

मात्र किती जीभ गेली यावर पुष्कळ ठरतं. एक तृतीयांशापर्यंत गेली तर बहुधा कडा नुसत्या शिवून भागतं. अर्धी गेली तर बाहेरून कातडं आणून जोड द्यावा लागतो. संपूर्ण काढावी लागली तर बोलणं फार बिघडतं, गिळताना अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. तिथे मी खोटी आशा दाखवत नाही. पण छोटी गाठ तेवढी मोठी होते ती असल्या मेसेजच्या भरवशावर घालवलेल्या महिन्यांत.

आता मनगटाचं कातडं. वैद्य जिथे नाडी बघतात, ती रक्तवाहिनी आणि तिच्यावरचं पातळ कातडं उचलून तोंडात नेतात, आणि ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडतात. दोन-तीन मिलिमीटरची वाहिनी, केसाहून बारीक धागा, मायक्रोस्कोपखाली शिवण. चीनमधल्या सर्जननी ही पद्धत १९८१ साली प्रसिद्ध केली, म्हणून जुने डॉक्टर अजून 'चायनीज फ्लॅप' म्हणतात. कातडं तग धरतं ते रक्तपुरवठ्यावर, आणि हे आपल्याकडे जुनंच आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातड्याचं नाक बसवलं, त्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली होती. फरक एवढाच की ते कातडं मुळाशी जोडलेलं ठेवून वळवलं होतं, हे पूर्ण सुटं करून पुन्हा जोडतात.

सडतं का? क्वचित रक्ताची गुठळी होऊन जोड बंद पडतो. म्हणूनच पहिले दोन दिवस नर्स तासातासाला टॉर्च घेऊन तोंडात बघते. सुई टोचून लालभडक रक्त आलं तर ठीक. काळपट आलं तर शीर तुंबली, आलंच नाही तर धमनी. वेळेत लक्षात आलं तर पुन्हा थिएटरात नेऊन वाचवता येतं. सरावलेल्या हातांत शंभरातले ९५ हून जास्त जोड टिकतात.

हात लुळा पडत नाही. पंज्याला दोन मुख्य वाहिन्या असतात. करंगळीकडची एकटी पुरते की नाही ते आधीच तपासतात. मूठ आवळायची, डॉक्टर दोन्ही वाहिन्या दाबणार, मूठ उघडली की तळवा पांढराफटक, करंगळीकडच्या वाहिनीवरचा दाब सोडला की काही सेकंदांत लाली यायला हवी. मामांच्या डाव्या हातावर मार्करने मोठ्ठं लिहिलं होतं: 'या हाताला सुई टोचू नका'. आता तिथे मांडीच्या कातडीचं ठिगळ आहे, अंगठ्याच्या मुळाशी जरा बधिर लागतं. घड्याळ उजव्या हातात गेलं.

मेसेजवाल्यांना एक खरी गोष्ट सुचली नाही, ती मीच सांगते: तोंडात कधी कधी केस येतात. विशेषतः मनगटाऐवजी पुरुषांच्या छातीचं कातडं वापरलं की. शेक मिळाले की बहुधा जातात.

'चाकू लागला की पसरतो' याला उत्तर परळच्या टाटा मेमोरियलमधून आलेलं आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे, त्यातही बहुतेक जिभेचे, ५०० पेशंट तपासले. निम्म्यांच्या मानेतल्या रसगाठी (लिम्फ नोड) पहिल्याच ऑपरेशनात काढल्या, निम्म्यांच्या त्यांत कॅन्सर दिसल्यावरच. तीन वर्षांनी हयात होते पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ६७.५. २०१५ साली हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं. चाकूने पसरत असता तर ज्यांना जास्त चाकू लागला तेच जास्त जगले कसे? आणि शेक हे जिभेच्या बाबतीत बहुधा ऑपरेशनच्या जोडीला असतात, त्याच्या बदली नाही. काढ्यावर शाई वाया घालवत नाही.

राहिलं बिल. जोड न देता अर्धी जीभ तशीच शिवली तर ती जबड्याच्या तळाला खिळून बसते. मग ना घास फिरतो ना शब्द. खर्च होतो हे खरं, पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे आधी बसा, बिलाच्या खिडकीवर नंतर.

गेल्या आठवड्यात भाच्याने त्याच ग्रुपवर मामांची क्लिप टाकली: पनवेल, खोपोली, लोणावला, तलेगाव. खाली पहिली कॉमेंट एका जुन्या ड्रायव्हरची होती. "मास्तर, कामशेत राहिलं."