चौथी बाजू

परवाच्या आढावा बैठकीत मला उभं केलं. म्हणजे नाव घेऊन नाही. "ज्यांचं युडायस अपूर्ण आहे त्यांनी उभं राहावं," असा पुकारा झाला आणि भरल्या सभागृहात आम्ही तिघं उठलो. त्यातल्या एका सरांचे गुडघे लगेच दुखले, ते बसले. एका बाईंना फोन आला, त्या बाहेर गेल्या. उरलो मी. चौथीत पाढे चुकल्यावर उभा राहिलो होतो, त्यानंतर थेट आता, नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी.

"किती राहिलंय, गुरुजी?"

"एक मुलगा आणि एक भिंत, साहेब."

सभागृह हसलं. मी विनोद केला नव्हता.

ज्यांच्या घरात मास्तर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युडायस प्लस म्हणजे देशातल्या सगळ्या शाळांची वार्षिक झडती. प्रत्येक शाळेला ११ आकडी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ने सुरू होणारा. पूर्वी वर्गवार आकडे दिले की भागायचं. २०२२-२३ पासून एकेका पोराची कुंडली भरावी लागते. ही माहिती वर जाते, आणि तिच्यासकट इतर बरंच काही मिसळून जिल्ह्याची प्रतवारी होते : ८३ निर्देशांक, ६०० गुण. श्रेण्यांची नावं अशी की लग्नपत्रिकेवर छापावीत. वर 'दक्ष', मग 'उत्कर्ष', 'अतिउत्तम', 'उत्तम', त्याखाली 'प्रचेष्टा', आणि तळाला 'आकांक्षी'. आमच्या लहानपणी आकांक्षीला 'ढ' म्हणत.

पटाची तारीख ३० सप्टेंबर. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, ऊसतोडीचं. ३० सप्टेंबरला अख्खं गाव फोटोला बसल्यासारखं जागेवर असतं. दसरा झाला की मुकादम गाड्या लावतो, कोयते निघतात, आणि दिवाळीनंतर माझ्या वर्गात पोरांपेक्षा बस्करं जास्त उरतात. पण वर गेलेला फोटो भरलेला. वर्षभर तोच चालतो.

तर राहिलेला मुलगा. नाव ज्ञानेश्वर. शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत 'डी-एन-वाय'ने सुरू होतो, आधारवर 'जी-वाय-ए'ने. आधार काढणाऱ्या पोराने ऐकलं तसं लिहिलं, त्याला तरी काय बोलणार? मराठी ज्ञानाला इंग्रजीत एक ठरलेली वाट नाही. जन्मतारखेचाही घोळ, पण तो मी समजू शकतो. आमच्या पिढीत जन्मतारीख आईबाप देत नसत, गुरुजी देत. शाळा जूनमध्ये, म्हणून निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला. आधारने नुसतं साल विचारलं तिथे लोक १ जानेवारीला पुन्हा जन्मले. माझे स्वतःचे दोन वाढदिवस आहेत आणि एकालाही घरी केक येत नाही.

शाळेत रेंज पिंपळाखालीच मिळते, म्हणून शनिवारी तालुक्याला गेलो, एका झेरॉक्सवाल्याकडे. तो शाळांचे फॉर्म, पीक विमा, पॅनकार्ड आणि लग्नाचे बायोडेटा एकाच खुर्चीवरून करतो. तिथे बाकावर एक म्हातारबाबा बसले होते. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. पीएम किसानच्या केवायसीला आले होते आणि मशीन त्यांचा अंगठा घेत नव्हतं. पन्नास वर्षं कोयता धरल्यावर अंगठ्यावर रेषा कुठून राहणार? पोरगा एकेक बोट लावून बघत होता. मधल्या वेळात बाबांनी माझ्या पडद्यात डोकं घातलं.

"काय भरायलात, गुरुजी?"

"शाळेची भिंत, बाबा."

"भरून काढायची का लिहून काढायची?"

"लिहून."

मग सांगावंच लागलं. आमच्या कुंपणभिंतीच्या तीन बाजू पक्क्या आहेत. चौथी जूनच्या वादळात पडली. त्या बाजूला शेजाऱ्याचा उघडा गोठा, आणि गोठ्यात एक म्हैस. ती मारकी आहे. तिकडून पोर बाहेर जात नाही, कुत्रं आत येत नाही. फॉर्ममधले पर्याय मी बाबांना मराठीत वाचून दाखवले : पक्की, पक्की पण तुटलेली, काटेरी तार, झाडाझुडपांचं कुंपण, भिंतच नाही, अंशतः, बांधकाम चालू, इतर.

बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, कीर्तनात ऐकतात तसं.

"पुन्हा म्हना."

पुन्हा म्हणालो.

"ह्यात म्हैस कुठं बसती?"

"बसत नाही, बाबा."

"इतर मदी बसवा की."

"इतरमध्ये पुढं लिहायला जागा नाही."

"मग तुटलेली लिव्हा. तुटलीच हाय न्हवं?"

इथे खरी मेख होती. 'तुटलेली' लिहिलं की वरून फोन येतो : गेल्या वर्षी पक्की होती, यंदा कशी तुटली, जिल्ह्याचे गुण जातात, बघा जरा. 'पक्की'च ठेवलं, तर मी जुलैत पाठवलेला दुरुस्तीचा प्रस्ताव जिथे अडकलाय तिथेच राहणार. त्यावर शेरा आलाय : 'युडायसनुसार भिंत पक्की. दुरुस्तीची आवश्यकता स्पष्ट करावी.' म्हणजे भिंत बांधायची तर आधी ती पाडून दाखवायची, आणि पाडून दाखवली तर पाडली का म्हणून उभं राहायचं. हे मी बाबांना दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा माझा आवाज चढला, झेरॉक्सवाल्याने मान वळवून बघितलं.

बाबा शांत. म्हणाले, "पोराचं नाव काय म्हन्ले तुम्ही?"

"ज्ञानेश्वर."

"बघा. माउलींनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. चांगदेव वाघावर बसून आले, तर हे भिंतीवर बसून पुढं गेले. भिंत चालिवली! आन् तुम्हाला बी तेच मिळालंय. ज्ञानोबा हाय, भिंत हाय, म्हैस हाय. समदं सामान हाय. तरी तुमचं फारम पुढं सरकंना?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, नाइलाजाने. पण परवाचं सभागृह आठवलं आणि हसू तिथंच थिजलं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ मला तोंडपाठ आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम द्यायचं नाही. ते मी एकदा बैठकीत म्हटलं होतं. उत्तर मिळालं, "युडायस शैक्षणिकच आहे की!" बरोबर आहे. त्यात शाळा हा शब्द येतो. त्या शनिवारी माझ्या चौथीचा भागाकार राहिला, तो कुठल्या रकान्यात जातो ते मात्र कुणी सांगितलं नाही. आम्ही दोनच शिक्षक. मी तालुक्याला आलो की दुसऱ्या बाई पहिली ते चौथी एका खोलीत घेऊन बसतात, आणि पोषण आहाराचे आकडेही त्याच भरतात, कारण त्या ॲपला शनिवार-बिनिवार कळत नाही.

एवढ्यात बाबांचं आठवं बोट लागलं. मशीनने हिरवा दिवा दाखवला. बाबा उठले, सदरा झटकला आणि जाता जाता खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझं झालं. तुमची भिंत?"

मी 'अंशतः' निवडलं. ज्ञानेश्वरचं आधार दुरुस्तीला टाकलं, त्याच्या बापाला कारखान्यावर फोन लावला, तर तो म्हणाला, "सर, आत्ता खेप भरायलोय, रात्री बोलू." रात्री तो बोलला नाही. मला त्याचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली.

घरी पोहोचलो तर ग्रुपवर निरोप : 'सर्व शाळांनी भौतिक सुविधांची माहिती खालील गूगल शीटमध्ये आज सायंकाळी ५ पर्यंत भरावी. विषय गंभीर आहे.' निरोप आला होता ५.२०ला. शीट उघडली. तीच शौचालयं, तेच हात धुण्याचे नळ, तोच उतार, तीच भिंत. फक्त शेवटी एक रकाना नवा होता : शेरा. रिकामा, कितीही लिहा.

लिहिलं : 'तीन बाजू पक्की. चौथी बाजू म्हैस.'

रात्री दहाला साहेबांचा अंगठा आला.