भानू अथैयांनी ऑस्कर विकलं नाही, अन् त्या अशिक्षित तर नव्हत्याच

परवापासून घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. भानू अथैयांचा फोटो अन् खाली लिहिलंय की कोल्हापूरची गरीब अशिक्षित शिवणकाम करणारी बाई, 'गांधी' सिनेमाचे सगळे कपडे एकटीनं शिवले, ऑस्कर मिळालं, म्हातारपणी औषधाला पैसे नव्हते तर ते विकावं लागलं, तेव्हा पोरींना महागडे कोर्स करू देऊ नका, शिलाई मशीन घेऊन द्या. पाठवला माझ्या भावानंच. अन् दुसऱ्या दिवशी भाचीला सांगून टाकलं की चित्रकला महाविद्यालयाचा फॉर्म भरायचा नाही. आता गप्प बसणं होत नाही.

ऑस्कर विकलं हे साफ खोटं आहे. 1950 पासून ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचा नियमच आहे की विकायचं असेल तर आधी त्यांनाच विचारायचं, अन् ते घेणार एका डॉलरला. त्यात कोणतं औषध येते? भानूताईंनी 2012 मध्ये ते अकॅडमीला परत दिलं ते नीट सांभाळलं जावं यासाठी, इथं सुरक्षित राहील याचा त्यांना भरवसा नव्हता. टागोरांचं नोबेल पदक 2004 मध्ये शांतिनिकेतनातनं चोरीला गेलंच होतं ना. आपल्या वस्तूची एवढी काळजी करणाऱ्या बाईला लाचार करून दाखवलं, याचा मला फार राग आला.

एकटीनं हेही नाही, 1983 चं ते वेशभूषेचं ऑस्कर त्यांना जॉन मोलो या ब्रिटिश वेशभूषाकारासोबत मिळालं.

आता अशिक्षित. वडील लहानपणीच गेले, हे मेसेजात असतं तर मी मान्य केलं असतं. पण ते वडील चित्रकार होते. भानूताई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, तिथं सुवर्णपदक मिळवलं, 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. मग मासिकांसाठी फॅशनची चित्रं, मग बुटीकचे कपडे, अन् 1956 मध्ये 'सी. आय. डी.' सिनेमाचे कपडे. हात आधी चित्रावर बसला, सिनेमा नंतर आला.

मी बावीस वर्षं ब्लाउज शिवून राहिली. गिऱ्हाईक गांधीबागेतनं कापड आणते, मापाचं ब्लाउज देते, मी कापते. मशीन कामी येतेच, माझं घर तिच्यावरच चाललं, तेवढं त्या मेसेजचं मी मानते. पण 1893 मध्ये आफ्रिकेत सुटाबुटात उतरलेला वकील 1948 पर्यंत पंचावर कसा आला ते कपड्यांतनं दाखव म्हटलं, तर मला नाही जमणार. त्याला बघायला अन् काढायला शिकावं लागते.

भाचीची चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आहे. तिच्या वहीत कॉटन मार्केटमधल्या भाजीवालीचं चित्र आहे. पदर खांद्यावरनं ओढून कंबरेला खोचलाय, तिथं कापडाला जो ताण पडतो तो पोरीनं पेन्सिलीच्या चार रेघांत पकडलाय. तो ताण मी रोज बोटाखाली बघते, पण कागदावर मला कधीच काढता आला नाही.

दादा, तो मेसेज ग्रुपवरनं काढ. फॉर्म माझ्याकडे ठेवलाय, रविवारी सही करायला ये.