अंगठा जुळत नाही

"अंगठा जुळत नाही," यंत्र म्हणालं. बाईच्या आवाजात, अगदी शांतपणे, आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्यालाही ऐकू जाईल इतकं स्पष्ट. पाचव्यांदा. गोष्ट कालची आहे, त्यामुळे अजून थंड झालेली नाही. कुठं गेलो होतो आणि कशासाठी, हे सांगण्यात अर्थ नाही. हल्ली कुठंही गेलं तरी शेवटी एका काचेवर बोट टेकवून 'मी तो मीच' हे सिद्ध करावं लागतं. माझं ते सिद्ध झालं नाही, एवढंच.

पूर्वी ज्याला सही येत नसे तो अंगठा उठवायचा. अभ्यास केला नाहीस तर अंगठाबहाद्दर होशील, ही धमकी ऐकतच आमची पिढी लिहायला शिकली. अक्षर घोटलं, सही कमावली, सहीखाली तिरकी रेघ ओढून दोन टिंबं द्यायची लकबही कमावली. आता त्या सहीला कुणी विचारत नाही. सगळ्यांना अंगठाच हवा. आणि मला तोही धड देता येत नाही. म्हणजे निरक्षर ठरायच्या परीक्षेतसुद्धा नापास.

"कपाळावर घासा," मागून आवाज आला.

वळून पाहिलं. एक गृहस्थ. केस माझ्याइतकेच पांढरे, उन्हात धरले तर थोडे जास्तच.

"काय म्हणालात?"

"कपाळावर घासा अंगठा, काका. दोनदा. मग टेकवा."

काका! हे मी अजून विसरलेलो नाही.

"कशासाठी?"

"तेल लागतं."

"माझ्या कपाळावर तेल नाही."

"प्रत्येकाच्या असतं. नाकाच्या बाजूला तर विहीर असते."

रांगेतले दोघंतिघं हसले. खिडकीतल्या मुलीनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलले. मी अंगठा कपाळावरून फिरवला.

"असा नाही. असा घाम पुसतात. दाबून घ्या, रबरी शिक्का पॅडवर दाबतो तसा." असं म्हणून गृहस्थांनी स्वतःच्या कपाळावर प्रात्यक्षिक दाखवलं. मग नाकाच्या डाव्या बाजूला. मग उजव्या. "बघा, चमकतोय की नाही?" त्यांचा अंगठा माझ्या चष्म्यापासून चार बोटांवर आला. चमकत होता.

मी शिक्का मारल्यासारखा अंगठा कपाळावर मारला आणि काचेवर ठेवला.

"अंगठा जुळत नाही."

"आता दाबलंत जास्त. काका, काचेवर बोट ठेवायचं असतं, दाराची बेल वाजवायची नसते."

"मग किती दाबू?"

"झोपलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो, तेवढं. आणि टोक नको, मधला गोल टेकू दे. टोकावर काय आहे? नखाची मागची बाजू. आता एक हाऽऽ करा."

"कुणावर?"

"बोटावर. चष्म्याच्या काचेवर करतो तसं."

मी चारचौघांत, दिवसाढवळ्या, स्वतःच्या अंगठ्यावर हाऽऽ केलं.

"आपण या यंत्राचे मेकॅनिक का?" मी विचारलं. प्रश्नाला धार होती, ती त्यांना लागली नाही.

"छे हो. माझंही दर वेळी असंच होतं. अंगठा सगळ्यांत आधी झिजतो, तर्जनी बरी टिकते."

"मग अंगठाच का मागतात?"

"मागतात म्हणून आपण देतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे हा माणूस अक्षरशः बरोबर होता. तळहात आणि तळपाय सोडले तर जवळजवळ सगळ्या अंगाला तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात. बोटांच्या पेरांना फक्त घामाच्या ग्रंथी. तिथं दाटीवाटीनं असतात, पण तेल शून्य. बोटावर जे तेल असतं ते आपण दिवसभर तोंडाला, केसांना हात लावून गोळा केलेलं असतं. अंगठा कपाळावर घासणं हा तोडगा वाटतो, पण ते साधं वंगण आहे.

वंगण का लागतं, तर यंत्र तुमचं बोट बघत नाही, काच बघतं. काचेखाली दिवा असतो आणि छोटा कॅमेरा. काचेच्या वर नुसती हवा असेल तिथून प्रकाश जसाच्या तसा परततो. बोटावरच्या रेघेचा उंचवटा चिकटला असेल तिथं परतायचा राहतो. म्हणून उंचवटे काळे दिसतात, खळगे पांढरे. दोन उंचवट्यांत अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि यंत्र इंचाला 500 ठिपके या हिशोबानं ते टिपतं. या रेघा सगळ्या तपासत बसायला त्याला वेळ नाही. ते फक्त दोन गोष्टी शोधतं: रेघ कुठं संपते आणि कुठं फुटून तिच्या दोन होतात. चांगल्या ठशात अशा चाळीस ते शंभर जागा सापडतात. आता बोट कोरडं असलं की उंचवटा काचेला सलग टेकत नाही, मधेमधे हवा राहते आणि अखंड रेघेची टिंबं होतात. माणसाला ती तुटक रेघ वाटते. यंत्राला तिथं पंचवीस शेवट दिसतात, जे माझ्या मूळ नोंदीत नाहीत. झालं, मी दुसराच कुणीतरी! बोट जास्त ओलं असेल तर उलटी पंचाईत. खळगेही पाण्यानं भरतात आणि ठशाऐवजी डाग उठतो. जोरात दाबलं तर उंचवटे पसरून एकमेकांना चिकटतात, तोच डाग. वय झालं की घाम कमी होतो, कातडी सैल पडते, उंचवटे बसके होतात. सिमेंट, चुना, धुण्याचा साबण यांत ज्यांचे हात रोज असतात त्यांना वय व्हायचीही वाट बघावी लागत नाही.

काच पुसलेली नसेल तर आधीच्या माणसाचा चिकट ठसा तुमच्या ठशाखाली दिसतो. उन्हाची तिरीप काचेवर आली तर कॅमेरा दिपतो. आणि पहिली नोंद घेताना ज्यानं घाईघाईत तुमचं बोट तिरकं टेकवून घेतलं, त्याचं पाप पुढं कायम तुमच्या बोटाला चिकटतं, कारण आजचा चांगला ठसा त्या दिवशीच्या वाईट ठशाशी जुळवून पाहिला जातो. यांतलं काय बिघडलं आहे हे यंत्र सांगत नाही. त्याला एकच वाक्य शिकवलंय.

आता ठशाचा हा उद्योग मुळात सुरू कसा झाला, तर विश्वास नव्हता म्हणून. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कागदाच्या मागं त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा उठवून घेतला. ओळख पटवणं तेव्हा हर्शेलच्या मनातही नव्हतं. पुढंमागं 'ही सही माझी नव्हे' असं म्हणायची छाती होऊ नये, एवढा धाक घालायचा होता. मग त्याला ठशांचा नादच लागला. पुढं निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसेही तो घेऊ लागला, मेलेल्याच्या नावावर जिवंतानं पैसे उचलू नयेत म्हणून. 1897 मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं. ढिगातला नेमका ठसा सापडावा म्हणून 1024 कप्प्यांची जी मांडणी झाली, तिच्यामागं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचं डोकं होतं. पद्धतीला नाव अर्थात साहेबाचं पडलं, बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री याचं. तेही एक प्रकारे अंगठा न जुळणंच.

पण त्या कार्यालयात ठसा वाचायला भिंग घेतलेला माणूस बसायचा. ठसा पुसट आला तर तो 'पुसट आलाय' म्हणायचा. 'तू तो नव्हेस' म्हणायचा नाही. माझं भांडण आहे ते एवढ्याच फरकाशी.

कारण बोटांना असा अपमान सोसायची सवयच नाही. आमच्या उमेदीच्या काळात यंत्र बिघडायचं आणि बोट ते दुरुस्त करायचं. तबकडीचा फोन घ्या. भोकात बोट घालायचं, अडणीपर्यंत फिरवायचं आणि सोडून द्यायचं. आकडा जाताना मोजला जात नसे, परत येताना मोजला जाई. सेकंदाला साधारण 10 खटके, आणि शून्याला 10 खटके, म्हणजे एक अख्खा सेकंद. घाईचा माणूस परतणाऱ्या तबकडीला बोटानं ढकलायचा, खटक्यांची लय बिघडायची आणि भलत्याच घरी फोन लागायचा. मग दोन्हीकडचे 'राँग नंबर' म्हणून मोकळे व्हायचे. नंबर राँग! माणूस राँग असं कुणी कुणाला म्हणालं नाही.

किंवा कॅसेट. ती अडकली की कुणीही उपटून काढत नसे, निदान दुसऱ्यांदा तरी नाही. फीत 3.81 मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पुढं सरकणारी. गुंडाळणारं चाक ढिलं पडलं तरी ढकलणारा रबरी रूळ थांबत नाही, म्हणून फीत गुंडाळली जायच्या ऐवजी त्या रुळालाच वेढे घालते. 60 मिनिटांच्या कॅसेटची फीत जरा जाड, 120 ची तिच्या निम्मी, त्यामुळे हा तमाशा करण्यात 120 वाली पहिली. आपण झाकण उघडायचं, रबरी रूळ बोटानं उलटा फिरवत वेढे सोडवायचे, चुरगळलेला भाग दोन बोटांच्या चिमटीतून हलकेच सरळ करायचा आणि चाकात पेन्सिल घालून उरलेली फीत आत घ्यायची. चाकाला आतून सहा दाते, पेन्सिलीला सहा बाजू. ही दोघं एकमेकांसाठी बनवलेली नव्हती, तरी त्यांचं जुळायचं. गाण्यात मग त्या जागी एक हुंदका यायचा, आणि नंतर मूळ गाणं कुठं ऐकलं तर हुंदका राहिला असं वाटायचं.

कॅमेऱ्यात फिल्म भरतानाही बोटच शहाणं लागायचं. फिल्मचं टोक दात्यांत नीट बसलं नाही तर 36 फोटो काढून झाल्यावर कळायचं की एकही निघालेला नाही. म्हणून झाकण लावल्यावर फिल्म पुढं सरकवताना डावीकडची उलट गुंडाळायची कळ बघायची. ती आपोआप फिरली तर आत सगळं ठीक. टीव्हीला मारायची थाप हीसुद्धा कारागिरीच होती. आतला सैल जोड थापेनं तेवढ्यापुरता टेकायचा. जोर मात्र माहीत हवा, आणि घरात तो एकालाच माहीत असायचा.

आता यंत्राला थाप मारता येत नाही, ते उघडता येत नाही, त्याला पेन्सिल चालत नाही. मोबाइलची काच तर बोटाचा जोरही मागत नाही, फक्त बोटातून वीज किती निसटते ते मोजते. नखानं टोकरलं तर दाद देत नाही आणि पावसाचा एक थेंब पडला तर न सांगता कुणालातरी फोन लावते. मोबाइलवर ठशाची नोंद करताना एकाच बोटाची दोन-तीन कोनांतून नोंद करावी, दुसऱ्या हाताचं एक बोटही देऊन ठेवावं, हे मला फार उशिरा कळलं. कळलं कुणाकडून, ते आता सांगायला नको. यंत्र अडलेलं असताना रांगेत वेळ खूप असतो.

आणि हे सगळं फुकट त्रास द्यायला चाललेलं नाही, हेही मला समजतं. अशा यंत्रात दोन चुका संभवतात: परक्याला आपलं म्हणणं आणि आपल्याला परका म्हणणं. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते, आणि पिळायला स्क्रू एकच असतो. तो किती पिळायचा हे ज्यानं ठरवलं त्याचं बोट तरुण असणार, मऊ असणार, आणि पहिल्या झटक्यात जुळत असणार. पिळलेल्या बाजूला आम्ही उभे. तेही चालेल. पण निदान वाक्य तरी बदला. 'मला वाचता येत नाही' असं म्हणा. एवढं कबूल करायला कुठं कमीपणा येतो? आम्हाला निरक्षर म्हणवून घ्यायची भीती होती, हे मान्य. यंत्रालाही ती असावी हे मात्र नवल आहे.

असो. आठव्या खेपेला, डाव्या हाताच्या तर्जनीनं, नाकाच्या उजव्या बाजूच्या विहिरीतून तेल घेऊन, दोन हाऽऽ करून मी जुळलो. यंत्रानं अभिनंदन वगैरे केलं नाही. खिडकीतली मुलगी "पुढचे" म्हणाली.

पुढचे म्हणजे तेच गृहस्थ. मला शिकवता शिकवता त्यांनी स्वतःच्या कपाळावर आणि नाकावर पंधरा-वीस वेळा तरी अंगठा दाबला होता, चारपाच हाऽऽ केले होते, आणि रांगेत उभं राहून घामही फुटला होता. मी मुद्दाम कागद नीट घडी घालत बाजूला थांबलो. त्यांनी झोपलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा अंगठा काचेवर ठेवला.

"अंगठा जुळत नाही."

त्यांनी अंगठा पाहिला. तो चांगलाच चमकत होता.

"ओला झालाय फार," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "काका, रुमाल आहे का?"

माझ्या खिशात रुमाल होता. धुतलेला, कोरडा, चार घड्या घातलेला.

"जुळत नाही," मी म्हणालो.