‘पंचवीस गोल्डमध्ये अर्धा वॉरिअर येते’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सिव्हिलायझेशन ६ या कॉम्प्युटर गेममधल्या डेलिगेशन (२५ गोल्ड देऊन दुसऱ्या देशाकडे पाठवायचा दूत) आणि एम्बसी (त्याचीच पुढची, कायमची आवृत्ती) यांवरच्या माझ्या लेखाखाली नागपूरच्याच एका वाचकाने लिहिलंय: “काहून लोकायले फालतू सांगता भाऊ? पंचवीस गोल्डमध्ये अर्धा वॉरिअर येते. डेइटीवर दूत पाठवा का नका पाठवू, एआय मारतेच. एम्बसी म्हणजे नवशिक्यायचा टाइमपास. अन् सिटी-स्टेटवर तर एक अक्षर नाही.” (वॉरिअर म्हणजे सुरुवातीचा सैनिक, डेइटी ही खेळाची सर्वांत कठीण पातळी, एआय म्हणजे कॉम्प्युटर चालवतो ते देश, आणि सिटी-स्टेट म्हणजे एकाच शहराचे छोटे देश.)

भाऊ, मतभेदाचं मला वाईट वाटत नाही. ‘फालतू’ या शब्दाचं वाटतं. तो लेख लिहिताना प्रत्येक आकडा मी खेळात तपासून घेतला होता. मराठीत या खेळावर आधीच फार कमी लिहिलं जातं. जे लिहिलं जातं त्यावर कोणी एका ओळीत थुंकून गेलं, तर नवीन पोरं पुन्हा इंग्रजी व्हिडिओंकडे वळतात. चूक दाखवा, आकडा द्या, मी दुरुस्त करीन. तुमच्या पाच वाक्यांत आकडा एकच आहे, आणि तोही चुकलेला.

आधी तोच घेऊ. वॉरिअरची किंमत ४० प्रॉडक्शन, म्हणजे शहराने करायचं तेवढं काम. गोल्ड देऊन घ्यायचा तर स्टँडर्ड स्पीडला त्याच्या चौपट, म्हणजे १६०. पंचवीस गोल्डमध्ये अर्धा नाही, सहावा हिस्साही येत नाही. पॅलेस दर टर्नला ५ गोल्ड देतो. त्या हिशेबाने डेलिगेशन म्हणजे पाच टर्नची कमाई आणि वॉरिअर म्हणजे बत्तीस टर्नची. सुरुवातीला वॉरिअर विकत घ्यायचा नसतो, शहरातच बनवायचा असतो, हे डेइटीवर खेळणाऱ्याला मी सांगायची वेळ येऊ नये.

आता त्या पंचवीस गोल्डमध्ये नेमकं काय मिळतं ते बघा. डेलिगेशन स्वीकारलं गेलं की त्या देशाबद्दलची तुमची डिप्लोमॅटिक व्हिजिबिलिटी, म्हणजे त्याच्याबद्दल तुम्हाला किती माहिती आहे ते, एक पायरी वर जाते. एकूण पायऱ्या पाच: नन, लिमिटेड, ओपन, सीक्रेट, टॉप सीक्रेट. समोरच्यापेक्षा तुम्ही जितक्या पायऱ्या वर, तितके वेळा +३ कॉम्बॅट स्ट्रेंथ (लढाईतली ताकद) तुमच्या प्रत्येक युनिटला. हल्ल्याआधी दिसणाऱ्या अंदाजात, कॉम्बॅट प्रिव्ह्यूमध्ये, त्याची वेगळी ओळ दिसते. ती ओळ तुम्ही कधी वाचलीच नसावी असं मला तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटतं.

डेइटीवर एआयला लढाईत मुळातच +४ मिळतात. तुमचा वॉरिअर २०, त्याचा २४. आता तुम्ही त्याचं डेलिगेशन ‘हो’ म्हणून घेतलंत आणि स्वतःचं पाठवलं नाहीत, तर व्हिजिबिलिटीत तो वर जातो आणि त्याचा वॉरिअर २७ चा होतो. बरोबरीच्या लढतीत एका फटक्याला सरासरी ३० डॅमेज होतं, आणि फरकाच्या प्रत्येक अंकामागे ते साधारण चार टक्क्यांनी वाढतं. सातच्या फरकाला तो तुम्हाला सरासरी ४० चा फटका देतो आणि तुम्ही त्याला जेमतेम २३ चा. शंभर हेल्थचा तुमचा वॉरिअर तीन फटक्यांत संपतो. त्याला मारायला तुम्हाला पाच लागतात. तुम्ही दूत पाठवलात आणि त्याचा नाकारलात, तर २३ विरुद्ध २४. तो ३१ चा फटका देतो, तुम्ही २९ चा. दोघांनाही चार-चार फटके. ‘दूत पाठवा का नका पाठवू, एआय मारतेच’ याचं उत्तर हे आहे: मारतो तेव्हाच दूत कामाला येतो.

आपल्या नागपुरात बसून हे समजावून सांगावं लागतंय याचं मला जास्त वाईट वाटतं. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहानंतर भोसल्यांच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे कायमचा दूत, आला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई पेटली तेव्हा इंग्रजांची माणसं दरबाराच्या बातम्या टिपत तेरा-चौदा वर्षं इथे बसलेली होती.

आता लोक कुठे चुकतात ते. डेलिगेशन ओळख झाली त्याच टर्नला पाठवायचं असतं. ओळखीचा पडदा बंद झाला की ‘नेक्स्ट टर्न’ दाबण्याआधी वर उजवीकडच्या नेत्याच्या चित्रावर क्लिक करायचं आणि पाठवून मोकळं व्हायचं. त्या क्षणी संबंध कोरे असतात, म्हणून एआय बहुतेक वेळा घेतो. टर्न उलटला की तो हिशेब लावायला बसतो: तुमचं सैन्य किती, शहर त्याच्या किती जवळ, त्याच्या अजेंड्याला (त्या नेत्याच्या ठरलेल्या आवडीनिवडींना) तुम्ही पटता का. त्याच्या चित्राजवळचा चेहरा लाल झाला, म्हणजे तो नाराज झाला, की दूत परत येतो. मग लोक म्हणतात एम्बसी फालतू. म्हणून स्काउट (टेहळणी करणारं युनिट) बाहेर पडल्यापासून २५ गोल्ड बाजूला राखायचे. शहराभोवतीची टाइल (नकाशावरचा चौकोन) विकत घेण्यात ते उडवायचे नाहीत.

पुढच्या पायऱ्याही लक्षात ठेवा. त्या देशाकडे ट्रेडर (व्यापारी) पाठवला की एक पायरी, पण युद्ध लागताच तो मार्ग तुटतो आणि पायरी जाते. प्रिंटिंग संशोधलं की सगळ्यांबाबत एक. डिप्लोमॅटिक सर्व्हिस हा सिव्हिक (संस्कृतीतून मिळणारा शोध) आला की डेलिगेशनच्या जागी ५० गोल्डची रेसिडेंट एम्बसी, आणि त्याच सिव्हिकने पहिला स्पाय (हेर) बनवता येतो. त्याला त्या देशात लिसनिंग पोस्टवर, म्हणजे बातम्या टिपायला, बसवलं की आणखी एक. त्या सिव्हिकचा बूस्ट (तो लवकर मिळवून देणारी मदत) कोणाशी तरी अलायन्स (युती) केल्याने मिळतो, अलायन्स सिव्हिल सर्व्हिस या आधीच्या सिव्हिकपासून करता येतो. समोर मंगोलिया असेल तर जास्तच जपा: त्यांना पायरीमागे +३ नाही, +६ मिळतात.

एक मान्य करतो. शेजारी अगदी खेटून असेल तर डेइटीचा एआय लवकर चाल करून येऊ शकतो, कारण त्याला सुरुवातीलाच तीन सेटलर (शहर वसवणारी युनिट) आणि पाच वॉरिअर मिळतात; तिथे नुसत्या दूताने युद्ध टळत नाही. टळतं ते डिक्लेरेशन ऑफ फ्रेंडशिप, म्हणजे मैत्रीच्या करारा, ने. ती ३० टर्न चालते, तोवर तो युद्ध पुकारू शकत नाही, आणि संपली त्याच टर्नला पुन्हा मागायची.

सिटी-स्टेट हा एन्व्हॉयचा (सिटी-स्टेटकडे पाठवायच्या वेगळ्या दूतांचा) विषय आहे, एम्बसीचा नाही. माझ्या लेखाचं शीर्षक वाचलं असतंत तर हे वाक्य लिहिलं नसतंत.

‘नवशिक्यायचा टाइमपास’ म्हणालात. ऑक्टोबर २०१६ मध्ये हा खेळ आला तेव्हापासून मी तो खेळतोय, त्याआधी पाचवाही खेळलोय, आणि डेइटीवरच खेळतो. पुढच्या वेळी शेजाऱ्याने हल्ला केला की हल्ल्याआधीच्या कॉम्बॅट प्रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट इथे टाका. त्यात व्हिजिबिलिटीची ओळ कोणाच्या बाजूला आहे ते दोघं मिळून पाहू, मग बोलू.